भीती मोजायची की रडणं? मुलांच्या दवाखान्यातल्या भीतीवर पहिला अभ्यास करणाऱ्यांसाठी

पेडोत, म्हणजे बालदंतवैद्यक विभागात, एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षाला गाईड प्रबंधाचा विषय विचारतात तेव्हा उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. ‘सर, व्हीआर हेडसेट’ (डोळ्यांवर चढवायचा, आभासी दृश्यं दाखवणारा चष्मा). किंवा ‘मॅडम, कार्टून दाखवून.’ उपकरण आधी ठरतं, त्याला साजेसा प्रश्न मागाहून शोधला जातो, आणि भीती मोजायची कशी याचा विचार सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, द्यायच्या आदल्या रात्री होतो. हा क्रम उलटा केला की निम्मी डोकेदुखी संपते.

हा लेख पहिल्यांदाच असा अभ्यास करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं बहुतेक दाताच्या खुर्चीवरची आहेत. पण बालरोग किंवा भूलशास्त्रातले निवासी डॉक्टर आणि नर्सिंगचे एमएस्सीचे विद्यार्थी यांनाही यातलं बरंच लागू पडेल. ऑपरेशनआधीच्या भीतीवर तर दंतवैद्यकापेक्षा चांगलं काम झालंय, त्यातून आपण उसनं घेणारच आहोत.

पायरी १: नेमकं काय मोजणार ते ठरवा

भीती, वागणूक आणि वेदना या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचताना हे उघड वाटतं, प्रबंधात मात्र तिन्हींची सर्रास खिचडी होते.

सहा वर्षांची एक मुलगी खुर्चीत बसलीय असं समजा. सांगितलं तसं तोंड उघडते, हात मध्ये आणत नाही, डोळ्यांत पाणी नाही. पण दोन्ही मुठी खुर्चीच्या हातावर घट्ट आवळलेल्या, पायाची बोटं आत वळलेली, आणि डोळे ट्रेवरून हलत नाहीत. फ्रँकलच्या मापकावर तिला ‘सकारात्मक’ गुण मिळतील. तिच्यापुढे चेहऱ्यांची पट्टी धरली तर ती शेवटच्या रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवेल. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. पहिलीने वागणूक मोजली, दुसरीने भीती. तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक ‘भीती कमी करण्यासाठी’ असं असेल आणि मोजमाप फक्त फ्रँकलचं असेल, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न कुठून येणार हे सांगायला नको.

वापरात असलेले मापक थोडक्यात असे:

फ्रँकल मापक (१९६२) चार पायऱ्यांचा आहे, ठाम नकारापासून ठाम सहकार्यापर्यंत. डॉक्टर बघून गुण देतो. झटपट होतो, म्हणून सगळीकडे चालतो. कोणती मुलं अभ्यासात घ्यायची हे ठरवायला उत्तम, मुख्य निष्कर्ष काढायला बोथट.

फेशियल इमेज स्केल (बुकॅनन आणि निव्हन, २००२) म्हणजे पाच चेहरे, खूप आनंदीपासून खूप दुःखीपर्यंत. मूल स्वतः बोट ठेवतं. चौथा किंवा पाचवा चेहरा म्हणजे भीती जास्त. प्रतीक्षाकक्षात मिनिटभरात होतं. २०१५ साली भारतात आरएमएस चित्रमापक आला. त्यात रेखाटलेल्या चेहऱ्यांऐवजी मुलांचे खरे फोटो आहेत.

व्हेनहॅमची चित्रचाचणी आठ जोड्यांची. प्रत्येक जोडीतून मूल ‘मला आत्ता असं वाटतंय’ ते चित्र निवडतं, गुण ० ते ८. जुनी आहे, पण तिच्या चित्रांत सगळे मुलगेच आहेत आणि काही चित्रांचा अर्थ मोठ्यांनाही नीट लागत नाही, ही टीका रास्त आहे.

सीएफएसएस-डीएस (कथबर्ट आणि मेलमेड, १९८२) ही १५ प्रश्नांची प्रश्नावली. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण, एकूण १५ ते ७५. ३८ किंवा त्याहून जास्त गुण आले की भीती जास्त, असं बहुतेक संशोधक धरतात. मात्र हा मापक मुलाची एकूण दंतभीती सांगतो. दहा मिनिटांच्या कार्टूनने ती खाली येईल अशी अपेक्षा ठेवू नका. तो सुरुवातीला एकदा भरून घ्या, दोन्ही गट सारखे आहेत का ते बघायला. आणि भरताना जरा सांभाळून. त्यात नर्सने दात साफ करण्याबद्दल एक प्रश्न आहे, आणि आपल्या कॉलेजच्या ओपीडीत नर्स दात साफ करत नाही. असे प्रश्न इथल्या मुलांना कसे विचारायचे ते गाईडशी बोलून, दोन भाषांतरकारांकडून उलटसुलट तपासून आधीच ठरवा.

ऑपरेशनआधी वापरतात तो एमवायपीएएस, म्हणजे सुधारित येल मापक. झीव्ह केन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तो मांडला. निरीक्षक मुलाच्या हालचाली, आवाज, चेहऱ्यावरचे भाव, सावधपणा आणि पालकांना बिलगणं अशा पाच अंगांनी गुण देतो. शिकायला वेळ लागतो, पण मिळणारी माहिती सोन्यासारखी असते.

आणि वाँग-बेकर चेहरे, फ्लॅक वगैरे? ते वेदनेसाठी आहेत. फ्लॅकमध्ये चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं यांना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. भीतीच्या अभ्यासात दुय्यम मोजमाप म्हणून ठेवायला हरकत नाही, पण भीतीच्या जागी नको.

वयाचंही भान ठेवा. तीन-चार वर्षांची मुलं पहिला तरी चेहरा निवडतात नाहीतर शेवटचा, मधले त्यांच्या हिशेबात नसतातच. मुलाने स्वतः सांगितलेलं मुख्य मोजमाप ठेवायचं असेल तर सहा वर्षांपुढची मुलं घ्या. त्याहून लहान घ्यायची तर निरीक्षकाचा मापक मुख्य ठेवा.

नाडीचे ठोके मोजायची हौस सगळ्यांना असते. पल्स ऑक्सिमीटर बोटाला लावला की झालं, आकडाही वस्तुनिष्ठ दिसतो. पण आपण वापरतो त्या लिग्नोकेनमध्ये बहुतेकदा १:८०,००० प्रमाणात ॲड्रेनॅलिन असतं, आणि नाडी त्यानेही वाढते. रडण्यानेही वाढते. तेव्हा ठोके घ्यायचे तर इंजेक्शनच्या आधीचे आणि सुई टोचतानाचे वेगळे लिहा, आणि नंतरच्या आकड्यावर मोठी विधानं करू नका.

पायरी २: झालेलं काम वाचा, पण वरून खाली

सुटे शोधनिबंध शोधत बसण्याआधी कॉक्रेनचे आढावे, म्हणजे एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारे लेख, वाचा. त्यांचे सारांश फुकट मिळतात. तीन आढाव्यांतून या क्षेत्राचा नकाशा कळतो.

सुई टोचताना वापरायच्या मानसिक उपायांवर २०१८ चा आढावा आहे: ५९ चाचण्या, ५,५५० मुलं. लक्ष दुसरीकडे वळवणं, संमोहन, वर्तनोपचारांची जोडणी आणि श्वासाचे उपाय यांचा उपयोग दिसतो, पण पुराव्याची खात्री कमी किंवा फारच कमी. व्हीआरवरचा २०२० चा आढावा १७ चाचण्या आणि १,००८ मुलांचा. तिथेही खात्री ‘फारच कमी’. याचा अर्थ व्हीआर निरुपयोगी आहे असा नाही, अभ्यास लहान आणि ढिसाळ आहेत असा आहे. दरवर्षी तसाच आणखी एक ढिसाळ अभ्यास करून ही खात्री वाढणार नाही, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

तिसरा आढावा २०१५ चा, भूल देताना औषधाविना करायच्या उपायांवर. त्यातला एक निष्कर्ष पालकांना सांगितला तर पटत नाही: भूल देताना आई किंवा वडील शेजारी उभे राहिल्याने मुलाची भीती कमी होते असं दिसत नाही. केन यांच्या १९९८ च्या चाचणीतही तोंडाने दिलेल्या मिडाझोलम या गुंगीच्या औषधाने भीती उतरली, पालकांच्या उपस्थितीने नाही. म्हणून पालकांना बाहेर काढावं असा याचा अर्थ होत नाही. मात्र आपल्याला ‘उघडच’ वाटणारी गोष्ट मोजल्यावर दिसेलच असं नाही, हे त्यातून शिकावं.

एक निबंध मुद्दाम पूर्ण वाचा: इटलीतल्या फ्लॉरेन्समधला २००५ चा विदूषक-डॉक्टरांचा अभ्यास. ४० मुलं होती. भूल देताना विदूषक सोबत असलेल्या गटात भीती स्पष्ट कमी झाली. पण ऑपरेशन थिएटरमधल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना हा उपक्रम पुढे चालवायला नको होता, कारण कामात अडथळा येतो असं त्यांचं म्हणणं होतं. मुलावर परिणाम झाला, पण यंत्रणेने तो उपाय स्वीकारला नाही. तुमच्या अभ्यासात ऑपरेटर आणि सहायकांना शेवटी चार प्रश्न विचारायची तरतूद करा. खर्च काही नाही, आणि प्रबंधातलं हेच प्रकरण लोक सगळ्यात आवडीने वाचतात.

पायरी ३: तुलना कशाशी?

‘काहीच न करणारा’ गट ठेवता येत नाही. १९५९ मध्ये ॲडलस्टन यांनी मांडलेली ‘सांगा-दाखवा-करा’ ही पद्धत आता नेहमीच्या उपचाराचाच भाग आहे, ती सगळ्या मुलांना मिळालीच पाहिजे. म्हणजे तुमचा प्रश्न असा होतो: सांगा-दाखवा-करा अधिक तुमचा उपाय, विरुद्ध नुसतं सांगा-दाखवा-करा. (तोंडावर हात दाबून गप्प करायची जुनी पद्धत अमेरिकन बालदंतवैद्यक अकादमीने २००६ मध्येच मार्गदर्शक तत्त्वांतून काढून टाकली. तुलनेसाठीही तिचं नाव घेऊ नका.)

एकाच मुलावर पहिल्या भेटीत कार्टून, दुसऱ्या भेटीत कार्टून नाही, अशी मांडणी मोहात पाडते, कारण मुलं निम्मी लागतात. पण पहिल्या भेटीचा अनुभव दुसऱ्या भेटीची भीती बदलतो. चांगला गेला तर मूल निवळतं, वाईट गेला तर दारातच अडून बसतं. पहिल्या अभ्यासासाठी दोन स्वतंत्र गटच घ्या.

उपचारही एकच ठेवा. एका मुलाला फ्लोराइड लावलं आणि दुसऱ्याची पल्पेक्टमी (दाताच्या मुळातली नस काढणं) केली, तर तुम्ही कार्टूनचा परिणाम मोजत नाही. खालच्या दाढेसाठी नर्व्ह ब्लॉक (नसेजवळ दिलेलं भुलीचं इंजेक्शन) लागणारी मुलं, पहिल्यांदाच इंजेक्शन घेणारी, असं काहीतरी काटेकोर ठरवा. आणि मुख्य निष्कर्ष एकच, एकाच वेळेचा: ‘इंजेक्शननंतर लगेच निवडलेला चेहरा’. बाकी सगळं दुय्यम.

औषध देऊन भीती कमी करण्याचे अभ्यास पहिल्या फेरीत टाळा. भूलतज्ज्ञ, उपाशी ठेवणं, देखरेखीची उपकरणं, विमा असा पसारा प्रबंधाच्या मुदतीत आवरत नाही.

पायरी ४: मुलं किती?

‘प्रत्येक गटात ३०’ हे प्रबंधांत परंपरेने चालत आलंय. हिशेब असा आहे: ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के चूक (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरून, दोन गटांत मध्यम फरक (०.५ प्रमाण विचलनाएवढा) शोधायला प्रत्येक गटात ६४ मुलं लागतात. मोठा फरक (०.८) शोधायला २६ पुरतात. ३० मुलांत तुम्हाला साधारण ०.७४ पेक्षा लहान फरक सापडण्याची शक्यता कमी. तेव्हा ‘३०’ लिहिण्याआधी स्वतःला विचारा, तुमचा उपाय खरंच एवढा जोरदार आहे का? ६४ घेतली आणि दहा टक्के गळती धरली तर ७२ होतात. संख्याशास्त्राच्या माणसाकडे सिनॉप्सिस लिहून झाल्यावर जाऊ नका, लिहिण्याआधी जा. जाताना आधीच्या एखाद्या अभ्यासातली सरासरी आणि प्रमाण विचलन सोबत न्या, नाहीतर तो तुम्हाला परत पाठवेल.

पायरी ५: समिती, संमती, नोंदणी

इथे घाई करणारे अडकतात. क्रम पक्का लक्षात ठेवा: संस्थेची नीतिसमिती, मग सीटीआरआयवर (भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी, मग पहिलं मूल. सीटीआरआय २००७ पासून आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त आगाऊ नोंदणी होते. मुलं घ्यायला सुरुवात करून नंतर नोंदवू म्हणाल तर नोंदवता येणार नाही, आणि नोंदणी क्रमांक नसला की चांगली नियतकालिकं लेख घेत नाहीत. अर्जात पदव्युत्तर प्रबंध आहे का असा रकाना असतो, तो भरायला विसरू नका. तपासणारे शंका काढून अर्ज परत पाठवतात, उत्तरं द्यावी लागतात, पुन्हा शंका येतात. नोंदणी फुकट आहे, पण काही आठवडे हाताशी ठेवा.

मुलांच्या बाबतीत आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. पालकांची लेखी संमती तर हवीच, पण ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकारही घ्यायचा आणि त्याची नोंद करायची. त्याहून मोठ्यांचा लेखी. होकारपत्र मुलाला कळेल असं हवं: ‘आम्ही तुला डोळ्यांवर एक चष्मा लावू, त्यात चित्रं दिसतील. नको वाटलं तर हात वर कर, आम्ही लगेच काढू. काढला म्हणून कुणी रागावणार नाही.’ एवढं पुरे. मुलाने नकार दिला आणि पालक ‘घ्या हो डॉक्टर, मी सांगते त्याला’ म्हणाले, तरी ते मूल अभ्यासात घ्यायचं नाही. उपचार मात्र करायचा.

व्हिडिओ घेणार असाल तर त्याची संमती वेगळ्या ओळीत, वेगळ्या सहीने. मुलांचे व्हिडिओ स्वतःच्या फोनवर ठेवायचे नाहीत आणि विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात टाकायचे नाहीत. कॉलेजच्या संगणकावर, पासवर्ड लावून, नावाऐवजी क्रमांक घालून ठेवा.

पायरी ६: वाटप आणि पडदा

ओपीडीचा सम-विषम नंबर, सोमवारी हा गट नि मंगळवारी तो, हे यादृच्छिक वाटप नव्हे. संगणकावर यादी काढा, ४ आणि ६ मुलांच्या मिसळलेल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे दोन्ही गटांची संख्या सारखी राहते. यादी काढणारा माणूस तुम्ही नसावा. क्रमांक टाकलेली, आतलं दिसणार नाही अशी जाड पाकिटं तयार ठेवा. मुलाची सुरुवातीची भीती मोजून झाल्यावरच पाकीट फोडायचं. त्याआधी फोडलं तर रडकं मूल ‘बघून’ बाजूला ठेवायचा मोह कुणालाही होतो.

हेडसेट लावलाय हे सगळ्यांनाच दिसतं, त्यामुळे पूर्ण पडदा, म्हणजे कोणाला कोणता उपाय मिळाला ते लपवणं (ब्लाइंडिंग), शक्य नाही. पण जेवढा जमेल तेवढा करा. चेहऱ्यांची पट्टी मुलापुढे धरायला गट माहीत नसलेली व्यक्ती बोलवा, हेडसेट काढून झाल्यावर. आकडेमोड करणाऱ्याला गट ‘अ’ आणि ‘ब’ एवढंच कळू द्या. व्हिडिओवरून गुण देणार असाल तर दोन निरीक्षकांनी आधी सरावासाठी तेच वीसेक व्हिडिओ वेगवेगळे तपासावेत आणि त्यांची मतं किती जुळतात ते वेटेड कप्पा या आकड्याने काढावं (१ म्हणजे पूर्ण जुळणं). ०.८ च्या खाली असेल तर पुन्हा बसून सराव करा.

पायरी ७: खुर्चीपाशी

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात, आणि पुस्तकांत याबद्दल सगळ्यात कमी लिहिलेलं असतं.

पहिलं, बोलणं लिहून काढा. सांगा-दाखवा-करामध्ये प्रत्येक ऑपरेटरची आपली भाषा असते. कुणासाठी सक्शन म्हणजे ‘पाणी पिणारा पाइप’, कुणासाठी ‘छोटा हत्ती’. रबर डॅम ‘दाताचा रेनकोट’, एक्स-रे ‘दाताचा फोटो’, भूल ‘दाताला झोपवायचं औषध’. शब्द कोणतेही चालतील, पण दोन्ही गटांतल्या सगळ्या मुलांना तेच, त्याच क्रमाने, साधारण तेवढाच वेळ. नाहीतर उपायवाल्या गटातल्या मुलाशी तुम्ही नकळत जास्त गोड बोलता, आणि श्रेय जातं हेडसेटला.

दुसरं, पालक. प्रतीक्षाकक्षात आजी नातवाला ‘रडलास तर डॉक्टर मोठी सुई टोचतील हं’ म्हणून गेलेली असते, आणि तुमचं सगळं नियोजन तिथेच पाण्यात. सगळ्या पालकांना आधी एक पान द्या: सुई, दुखणं, घाबरू नको हे शब्द वापरू नका, बक्षिसाचं आमिष दाखवू नका, शेजारी बसा पण सूचना देऊ नका. पालकांची स्वतःची दंतभीतीही मोजा. पाच प्रश्नांची एमडीएएस प्रश्नावली दोन मिनिटांत होते, गुण ५ ते २५, आणि १९ किंवा त्याहून जास्त म्हणजे ते स्वतःच फार घाबरलेले. आईच्या भीतीचा मुलावर परिणाम होतो, तो विश्लेषणात धरायला हवा.

तिसरं, उपकरण. मोठ्यांसाठी बनवलेला हेडसेट सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर घसरतो, आणि त्याची खालची कड नेमकी वरच्या ओठापाशी येते. वरच्या पुढच्या दातांना इंजेक्शन द्यायचं असेल तर ओठ उचलायलाच जागा उरत नाही. खालच्या दाढेची केस निवडण्याचं हेही एक कारण. फोम पुसता येईल असा हवा, प्रत्येक मुलानंतर पुसायचा. व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवा. कॉलेजच्या वायफायवर भरवसा ठेवलात तर ऐन इंजेक्शनच्या वेळी पडद्यावर गोल फिरत राहील. आणि मुलाला चार व्हिडिओंतून निवडू द्या. मराठी, हिंदी, बिनसंवादी, सगळं असू दे. फक्त काय निवडलं ते लिहून ठेवा.

मुख्य अभ्यासाआधी सहा-सात मुलांवर चाचपणी करा. त्यांचे आकडे मुख्य अभ्यासात मिसळायचे नाहीत. चाचपणीत बघायचं ते एवढंच: फॉर्म भरायला किती वेळ लागतो, कोणता प्रश्न मुलं पुन्हापुन्हा विचारतात, सहायकाचा हात कुठे अडतो.

पायरी ८: आकडे आणि लेखन

चेहऱ्यांचे गुण क्रमवार असतात, त्यांची नुसती सरासरी काढून टी-टेस्ट लावू नका. मॅन-व्हिटनी चाचणी लावा, मध्यक द्या. एमवायपीएएससारखे मोठ्या पल्ल्याचे गुण असतील तर सुरुवातीची भीती धरून एएनसीओव्हीए करा. फरक किती आणि त्याचा विश्वास-अंतराल काय हे आधी लिहा, पी-व्हॅल्यू नंतर. पहिल्या तक्त्यात गटांच्या वयाची, लिंगाची तुलना करून पी-व्हॅल्यू भरायची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. कॉन्सॉर्टला, म्हणजे चाचण्यांचा अहवाल कसा लिहावा याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीला, ती मान्य नाही. वाटप यादृच्छिक केलंय तर राहिलेला फरक योगायोगाचाच, तो ‘सिद्ध’ कशाला करायचा? गाईड आग्रह धरतीलच, तेव्हा कॉन्सॉर्टचं पान छापून सोबत न्या. २०२५ ची नवी आवृत्ती आली आहे, तीच वापरा.

अर्ध्यात हेडसेट काढून टाकलेली मुलं विश्लेषणातून वगळू नका. ज्या गटात पडली त्याच गटात मोजा, आणि किती जणांनी, कोणत्या क्षणी, का काढला ते वेगळ्या परिच्छेदात लिहा. फरक सापडला नाही तर ‘सांख्यिकीय महत्त्व नसलं तरी कल दिसतो’ असली वाक्यं घालू नका. विश्वास-अंतराल द्या, तुमची संख्या किती मोठा फरक पकडू शकत होती ते सांगा, सीटीआरआयवर अभ्यास पूर्ण झाल्याची नोंद करा, आणि कोरे फॉर्म, बोलण्याची संहिता आणि पालकांचं पान परिशिष्टात जोडा. पुढच्या बॅचला तेच लागणार आहे.